पावसाळ्यातली पडीक जागा

माझ्या सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. गौरवग्रंथ निघणार आहे म्हणे, गुळगुळीत जाड कागद, रंगीत फोटो, सगळा थाट. समितीतल्या एका भल्या गृहस्थांचा फोन आला, "वहिनी, 'माझे सासरे, माझे राजकीय गुरू' असा एक लेख द्या की. दोन पानं पुरेत." दोन पानं! मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय ते उतरायला तयार नाही. गुरू म्हणे. त्या ग्रंथात जे कुणी छापणार नाही ते इथे लिहितेय, आणि दोन पानांत आटपणार नाहीये.

आधी माणूस सांगते. सासरच्या घराण्याची जुन्या भाईंदरपासून मीरा रोडपर्यंत भातशेती होती, खाडीला लागून मिठागरं होती. सासरच्या म्हणतेय, कारण माझ्या माहेरी घराणं नव्हतं, होडी होती. पुढे शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, हाटकेशकडच्या जमिनीवर गाळे झाले, भाडी यायला लागली. सासऱ्यांनी जन्मात कधी नांगर धरला नाही की मिठात फावडं घातलं नाही. तरी भाषण सुरू झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मी मातीतला माणूस." अहो, मातीतला कसला? पायाला माती लागली तर ते ड्रायव्हरला हाक मारायचे. घरात त्यांना पप्पा म्हणतात, गावात शेठ म्हणतात, आणि स्वतःच्या मनात ते लॉर्ड आहेत.

हा टोमणा नाही, त्याला कारण आहे. माझ्या लग्नाआधी ते टूरबरोबर इंग्लंडला जाऊन आले होते. तिथे बसमधून उतरवून सगळ्यांना कुठल्याशा जमीनदार साहेबाची हवेली दाखवली. आजूबाजूची गावं एकेकाळी त्या घराण्याच्या मालकीची, आणि पिढ्यान् पिढ्या त्याच घरातला कुणीतरी पार्लमेंटात. टूर मॅनेजरने आणखी एक सांगितलं, की जुन्या काळी तिथे मतदान गुप्त नसायचं. कुळाने चारचौघांत उभं राहून मोठ्याने सांगायचं, माझं मत अमक्याला. ही गोष्ट सासऱ्यांच्या मनात जी बसली ती बसलीच. जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर ती ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि शेवटी दरवेळी एकच वाक्य, "काय शिस्त होती बघ!" डोंबलाची शिस्त. पोटापाण्याचा मालक समोर उभा असला तर कुळ दुसरं काय बोलणार?

तिथून आल्यावर त्यांनी बंगल्यासमोर हिरवळ लावली. आमच्या बंगल्याच्या चारी बाजूंनी टॉवर आहेत. तिथल्या बायका नळाला पाणी कधी येतंय म्हणून बादल्या मांडून बसलेल्या, आणि आमच्या दारात गवताला पाजायला टँकर उभा. समोरच्या सोसायटीतली एक गुजराती काकू गॅलरीतून ओरडायची, "भाभी, थोडा पानी इधर भी भेजो, हम भी घास खा लेंगे!" मला हसू यायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं. सासऱ्यांना ऐकूच यायचं नाही. सकाळी ते टोपी घालून वेताच्या खुर्चीत बसायचे, कपातून चहा घ्यायचे आणि समोर लोक उभे. खुर्च्या रिकाम्या असायच्या हो! पण बस म्हटल्याशिवाय कोण बसणार, आणि बस कधी म्हटलं जायचंच नाही.

खोटं कशाला बोलू, ते कामं करायचे. कुणाच्या बापाला हॉस्पिटलात बेड मिळवून दिला, कुणाच्या पोरीला शाळेत घातलं. पण ते सगळं वरून खाली टाकल्यासारखं. नगरसेवक म्हणून ते कितीतरी वर्षं निवडून आले, आणि ती सीट त्यांच्या डोक्यात सातबाऱ्यावर चढलेली होती. एकदा प्रचाराला मीरा रोडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये गेले. ती इमारत त्यांच्याच जुन्या शेतावर उभी. वॉचमनने गेटवर अडवलं, "अंकल, पहले एंट्री करो." सासरे लाल झाले. "ये बिल्डिंग मेरे धान के खेत पे खड़ी है!" तो शांतपणे म्हणाला, "खेत होगा, अंकल. नाम और फ्लैट नंबर लिखो." सासऱ्यांनी नाव लिहिलं नाही. तसेच मागे फिरले, एकाही घरात गेले नाहीत. तिथली मतं गेली तेव्हा घरी येऊन म्हणाले, "कुळं माजलीत." मी नवऱ्याला हळूच विचारलं, "अरे, त्यांनी फ्लॅट विकत घेतलेत ना? मग ती कुळं कशी?" तो म्हणाला, "तू गप बस."

माझा नवरा वाईट नाही. कॉलेजात आमची ओळख झाली, त्याने स्वतःहून लग्नाचं विचारलं, हट्टाने केलं. एवढाच काय तो त्याच्या आयुष्यातला हट्ट. बापासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. माझं माहेर चौकला, भाईंदरच्याच टोकाला समुद्राला लागलेलं गाव. बाप होडीवर, आई सुकी मासळी करणारी. सासरे म्हणाले होते, "त्या घरात उठल्यापासून बोंबील. ती पोर या घरात कशी शोभेल?" लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पाण्याचा घोट न घेता निघून गेले. पुढे कित्येक वर्षं माझ्या माहेरच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नाही. आई कधी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली तर ती पिशवी मागच्या पायरीवर ठेवावी लागायची, घरात न्यायची नाही. आई पिशवी ठेवून परत जायची. मला मात्र आजही ती पायरी आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

मग आरक्षणाची सोडत निघाली. सासऱ्यांचा प्रभाग हातचा गेला आणि किनाऱ्याकडचा महिलांसाठी राखीव झाला. सासूबाई तोवर वारल्या होत्या. घरात बाई उरली मी. आणि काय चमत्कार सांगू, एका रात्रीत माझ्या अंगाला सुगंध यायला लागला! "आमची सूनबाई कोळ्यांची लेक आहे," सासरे येईल त्याला सांगायला लागले. पहिल्यांदाच चौकला आमच्या घरी आले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, आईच्या हातचे तळलेले बोंबील खाल्ले आणि फोटो काढून घेतला. "काय चव आहे हो, विहीणबाई!" आई पदराआड हसली. मला वाटलं, ताट उचलावं आणि मागच्या पायरीवर नेऊन ठेवावं.

फोटो झाल्यावर सासरे गाडीत जाऊन बसले. मग बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. त्यांना गटार नको होतं, बाकडी नको होती, हळदीकुंकवाचं वाण तर नकोच होतं. त्यांना एकच हवं होतं, खळं. गावाच्या कडेला किनाऱ्यावर मासळी सुकवायची मोकळी जागा आहे, तिला आम्ही खळं म्हणतो. तिथे बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणतात आणि त्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून लोंबत सोडतात. त्या उभ्या सांगाड्याला वलांडी म्हणतात. कोणाची वलांडी कुठे हे ठरलेलं. सासू थकली की तिची जागा सुनेकडे येते. कागद नाही, कुंपण नाही. कागदावर ती जागा सरकारची आहे. पण त्या खळ्यावर गावातल्या निम्म्या चुली चालतात. माझं शिक्षण, माझ्या भावाची होडी, सगळं आईने त्या दोऱ्यांवर वाळवूनच केलं.

"मत तुलाच हाय," आई सगळ्यांदेखत म्हणाली. "लेक हायस आमची. पन मला सांग, खळं ऱ्हायल ना आमचं?"

शेजारची ख्रिस्ती मावशी, जिने मला लहानपणी पोहायला शिकवलं, ती म्हणाली, "शेठ काय बोलतो ते आमाला न्हाय ऐकायचं. तू बोल."

मी बोलले. "मी आहे तोवर खळ्याला कुणी हात लावणार नाही."

निवडून आले. भरघोस मतांनी आले, आणि ती मतं कुठून आली हे मला पक्कं ठाऊक होतं. पालिकेत मात्र वेगळाच खेळ. माझ्या केबिनमध्ये माझ्या खुर्चीत सासरे, आणि मी बाजूच्या सोफ्यावर. अधिकारी आत यायचे, मला नमस्कार करायचे आणि त्यांच्याकडे तोंड करून बोलायचे. एकाने तर माझ्यासमोर मलाच विचारलं, "साहेब आज येणार नाहीत का?" मी म्हटलं, "काम काय ते मला सांगा." तो म्हणाला, "नको मॅडम, तुम्हाला कशाला त्रास." त्रास! त्यांच्या मते नगरसेविकेला त्रास द्यायचाच नसतो, फक्त हार घालायचा असतो. मी काही विचारलं की सासरे हसून म्हणायचे, "तू बायकांचे कार्यक्रम बघ, राजकारण मी बघतो." मी भांडायचे. नवरा मध्ये पडायचा, म्हणजे काय, तर मला आत घेऊन जायचा.

तरी मी प्रभागात फिरायचे, तक्रारी घ्यायचे, दिव्यांसाठी आणि पाण्याच्या लाइनसाठी अधिकाऱ्यांच्या मागे लागायचे. बरं चाललं होतं म्हणायचं. मग तो पावसाळा आला.

भर पावसात दुपारी आईचा फोन आला. वाऱ्याने तिचा आवाज तुटत होता.

"तुजा सासरा हितं छत्री घेऊन उबा हाय. खळ्यावर. संगती पालिकेची मानसं हायत, फीत लावून मापतायत. तुला म्हायती हाय का न्हाय?"

मला माहिती नव्हती. मला माहिती नव्हती! माझ्या प्रभागात, माझ्या आईच्या खळ्यावर पाहणी चालू होती आणि मी घरी कांदे चिरत होते.

आता खळ्याची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळी मेख तिथे आहे. पावसाळ्यात बोंबील सुकत नाही. म्हणून पाऊस लागायच्या आत बायका वलांडी उतरवतात. नाही उतरवली तर वाऱ्याने बांबू मोडतात आणि दोऱ्या कुजतात. बांबू पडवीत जातात, दोऱ्या माळ्यावर जातात, आणि खळ्यावर नुसतं गवत माजतं. किनाऱ्यावरच्या कोणत्याही शेंबड्या पोराला हे कळतं. पण शहरातून आलेल्या साहेबाने पावसात तिथे पाहिलं तर त्याला काय दिसणार? रिकामी जागा. सासऱ्यांना हे सगळं बरोबर माहीत होतं. म्हणून तर त्यांनी पाहणीला पावसाळा निवडला.

संध्याकाळी ते घरी आले, टोपी काढली, टॉवेलने डोकं पुसलं. मी दारातच गाठलं.

"पप्पा, खळ्यावर कशाला गेला होता?"

"खळं? कसलं खळं? पडीक जागा आहे. गवत वाढलंय. तिथे सुशोभीकरण करतोय. बाकडी, सेल्फी पॉइंट, गाड्या लावायला जागा. लोक मुंबईहून येतात समुद्र बघायला, त्यांनी गाड्या कुठे लावायच्या?"

"तुमच्या रिसॉर्टमध्ये येतील ते लोक ना?" खळ्याच्या मागची वाडी त्यांनी रिसॉर्ट बांधायला कधीच विकत घेऊन ठेवली होती, हे गावाला माहीत होतं. फक्त मीच हा विषय घरात काढत नव्हते.

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "फलकावर नाव तुझंच लागेल. ठराव तुझ्याच नावाने येतोय महासभेत. प्रभाग तुझा आहे ना?"

"आणि बायांनी बोंबील कुठे सुकवायचे?"

"कुठेतरी सुकवतील. समुद्रकिनारा केवढा मोठा आहे! आणि ती जागा काय तुझ्या आईच्या नावावर आहे?"

माझा हात उचलला जाईल की काय असं वाटलं, खरं सांगते. सासऱ्यांवर! मी हात पाठीमागे धरून ठेवले. म्हटलं, "तुमची शेतं तुमच्या बापाच्या नावावर होती, तरी राबत कोण होतं?" त्यांनी टॉवेल खुर्चीवर टाकला. नवऱ्याला एवढंच म्हणाले, "हिला आत ने." आणि त्याने नेलं. आत आल्यावर मला समजवायला लागला, "अगं, पप्पांचं ऐक, पुढच्या वेळीही तिकीट तुलाच मिळेल." मी त्याला म्हटलं, "तुझ्या सासूच्या ताटात माती कालवून मला तिकीट देणार? आग लागो त्या तिकिटाला." त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्यासमोर मान खाली घालून बसून राहिला.

महासभेच्या दिवशी सासरे प्रेक्षक गॅलरीत पहिल्या रांगेत बसले होते. आमचा विषय आला. सचिवांनी वाचून दाखवलं, मौजे अमुक येथील पडीक जागेचं सुशोभीकरण व वाहनतळ, सूचक म्हणून माझं नाव. महापौरांनी नेहमीसारखं विचारलं, "मंजूर?" लोकांचे हात अर्धे वर गेलेसुद्धा. मी उभी राहिले. टेबलाला धरून उभी होते.

"माझ्या नावावर विषय आलाय. मी तो मागे घेतेय."

सभागृहात कुजबुज. महापौर गोड हसले. "ताई, साहेब वर बसलेत. एकदा बोलून घ्या ना त्यांच्याशी. पाच मिनिटं थांबतो आम्ही."

सगळे हसले. माझ्या बाजूला बसलेल्या दोन नगरसेविकासुद्धा हसल्या, ज्यांचे नवरे बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत उभे होते. त्या हसण्याने माझं डोकं इतकं फिरलं की भीती कुठल्या कुठे पळाली.

"महापौर साहेब, वर बसलेत ते प्रेक्षक आहेत. निवडून मी आलेय. मला विचारा."

हसू थांबलं. मग मी सगळं बोलले. वलांडी म्हणजे काय, पावसाळ्यात ती का उतरवतात, बांबू आत्ता कुणाकुणाच्या पडवीत आहेत. "तुम्ही भर पावसात गेलात आणि जागा रिकामी दिसली म्हणून पडीक लिहून आलात. मे महिन्यात शाळेत एकही पोर नसतं. उद्या शाळा पडीक म्हणून तिथे गाड्या लावाल का?" विरोधी बाकावरून कुणीतरी टेबल वाजवलं. ते माझ्या प्रेमापोटी नव्हतं, हे मला कळत होतं. आमच्यातलं भांडण बघून त्यांना गुदगुल्या होत होत्या. होऊ देत. टेबल वाजलं तर वाजलं.

महापौरांनी वर गॅलरीकडे बघितलं. सासऱ्यांनी मान हलवली नाही. शेवटी विषय तहकूब झाला, दिवाळीनंतर पुन्हा पाहणी करून मग ठरवायचं असं ठरलं. म्हणजे खळं वाचलं नव्हतं, फक्त श्वास घ्यायला वेळ मिळाला होता.

घरी सासरे एकच वाक्य बोलले. "दिलेली सीट परतही घेता येते." मी म्हटलं, "सीट तुम्ही दिलीत? मग मतं कुणी दिली?" त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. समोर बसून नवऱ्याला सांगायचे, "तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मी नवऱ्याला सांगायचे, "त्यांना सांग, मिठागरं त्यांचीच होती." आमची मुलं हसायची, मला हसायला यायचं नाही. दोन घास गिळून मी उठायचे. एकाच छपराखाली राहून असं जगणं म्हणजे काय ते माझं मला माहीत. आणि रोज एकच विचार, दिवाळीनंतर काय होईल. मी शब्द दिला होता. माझं पद गेलं तर गेलं, पण आईच्या वलांडीवर गाड्या उभ्या राहिल्या तर मी चौकला कुठल्या तोंडाने जाणार होते?

पाऊस सरला आणि बायकांनी काय सपाटा लावला म्हणून सांगू! एरवी एकेक जण सवडीने वलांडी उभी करते. या वेळी अख्खा गाव एकदम उतरला. ज्यांनी बोंबील सुकवणं सोडून नोकऱ्या धरल्या होत्या त्यांच्या घरचेही बांबू बाहेर निघाले. पाहणीला माणसं आली तेव्हा खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील. तरुण इंजिनिअर नाकाला रुमाल लावून रांगांमधून वाट काढत होता. त्याने आईला विचारलं, "मावशी, ही जागा कधीपासून वापरता?"

आई म्हणाली, "माज्या सासूची सासू हितंच लावायची. तिच्या मागं कोन लावायचं ते मला न्हाय ठावं."

त्याने ते लिहून घेतलं आणि म्हणाला, "मग पडीक कुणी लिहिलं?" सासरे गाडीजवळ उभे होते, लांब. ते गाडीत बसले आणि काच वर करून निघून गेले. विषय बासनात गुंडाळला गेला. मला वाटलं, झालं, सुटलो. कसलं काय!

निवडणुकीचे वारे वाहायला लागले होते. सासऱ्यांना पुन्हा उभं राहायचं होतं, आणि आता किनाऱ्यावरूनच, कारण नव्या सोडतीत तो प्रभाग खुला झाला होता आणि खळ्याच्या भानगडीने गाजलाही होता. एका सकाळी मी चौकला गेले तर खळ्याच्या तोंडाशी हा एवढा मोठा फ्लेक्स. सासऱ्यांचा हात जोडलेला हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरात, "कोळी भगिनींचे खळे कोळी भगिनींचेच! शेठच्या अथक प्रयत्नांना यश!" कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी मी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मला रस्त्यातच रडू फुटलं, रागाने. ज्या माणसाने हे खळं गिळायला तोंड उघडलं होतं, तोच आता हात जोडून उभा! मी फ्लेक्स फाडायलाच निघाले होते. आईने हात धरला.

"फाडू नको," ती म्हणाली. तिने फ्लेक्सचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. "चांगला जाड हाय."

दोन दिवसांनी सासरे पक्षाच्या एका मोठ्या पाहुण्याला घेऊन खळ्यावर आले. आपल्या कोळी भगिनी दाखवायच्या होत्या. मला निरोप नवऱ्याकडून आला, "तिला सांग, साडी नीट नेसून ये." मी आले. फ्लेक्स जागेवर नव्हता. बायकांनी तो खाली उतरवून जमिनीवर पसरला होता आणि त्यावर जवळा वाळत घातला होता, ती बारीक बारीक कोळंबी. सासऱ्यांचा अर्धा चेहरा जवळ्याखाली आणि अर्धा बाहेर, हसरा. अक्षरं मात्र पुरती दिसत होती. आई खराट्याने जवळा खालीवर करत होती, नाकावरून, कपाळावरून.

सासरे जागच्या जागी थांबले. किती महिन्यांनी ते थेट माझ्याशी बोलले. "हे काय चाललंय? सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता उचला म्हणावं."

पाहुणा बघत होता. सगळ्या बायका बघत होत्या. इतकी वर्षं भांडले होते, पण आता ओरडावंसं वाटलं नाही. "मी कोण सांगणारी, पप्पा? वाचा ना, तुम्हीच लिहिलंय. जागा यांचीच आहे. यांच्या जागेत काय पसरायचं ते याच ठरवणार."

पाहुण्याने वाकून अक्षरं वाचली आणि खोकल्यासारखं केलं. हसू दाबत होता बहुतेक. सासरे तरातरा पुढे निघाले, तेव्हा आईने खराटा आडवा धरला.

"शेठ, बूट काडा. खायची वस्तू हाय."

पाहुण्याने आपल्या चपला आधीच काढल्या होत्या. आता सगळे सासऱ्यांच्या बुटांकडे बघत होते. मागे फिरावं तर पाहुणा, पुढे जावं तर खराटा. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, बसायला काही होतं का ते शोधलं. काही नव्हतं. मग ते सावकाश वाकले आणि त्यांनी बुटाच्या नाड्यांना हात घातला. नवरा लगबगीने त्यांच्या पायाशी बसायला निघाला. मी त्याचा दंड धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "सोडता येतात त्यांना."